तात्यांचा दुबईतला फ्लॅट

"काकू, कळलं का? आपले हळदवाले तात्या दुबईत फ्लॅट घेतायत!"

"परवाच कळलं. त्यांच्या मंडळी कढीपत्ता मागायला आल्या आणि अर्धा तास तिथल्या मरीना भागाचंच सांगत बसल्या. पुण्याच्या हॉटेलात प्रदर्शन होतं म्हणे, जेवणासकट. तात्यांनी तिथं मोबाईल नंबर लिहून दिला, तेव्हापासून फोन वाजतोय तो थांबायचं नाव नाही."

"पण परक्या माणसाला घेता येतं का तिथं?"

"ठरवून दिलेल्या भागांत येतं, 2006 पासून कायदाच आहे तसा. घोळ वेगळाच आहे. तात्यांकडे पाच एजंटांचे पाच भाव आलेत. एक म्हणतो 14 लाख दिरहॅम, दुसरा साडेतेरा, तिसरा म्हणतो तो कालच गेला, पण दुसरा दाखवतो. आणि सगळ्यांच्या फोटोत सोफा तोच! पडद्यावरची फुलंसुद्धा तीच!"

"म्हणजे फ्लॅट एकच?"

"एकच. आमची धाकटी तिकडंच असते, तिनं सांगितलं. अमेरिकेत दलालांची सामायिक यादी असते. घर एकदा तिच्यात चढलं की सगळ्यांना तोच भाव दिसतो. दुबईत सगळ्यांना बांधून ठेवील अशी यादीच नाही. दलाल हजारो. मालक एकाला सांगतो, तो दोघांना, ते आणखी चौघांना. काहीजण तर मालकाला न विचारताच जाहिरात टाकतात, मुद्दाम स्वस्तातली. तुम्ही फोन केलात की तो फ्लॅट नेमका गेलेला असतो."

"आणि सरकार बघत बसतं?"

"छे! घरांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी त्यांची रेरा 2007 ची, आपली महारेरा 2017 ची. मालकानं दलालाला फॉर्म ए सही करून द्यायचा, मग जाहिरातीला परवाना. पोर्टलवरच्या जाहिरातीत परवाना क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. त्यावर मोबाईल धरला की भूमी विभागाच्या नोंदीत तोच फ्लॅट दिसायला पाहिजे."

"मग तात्यांनी धरला का?"

"तात्यांना फोटो आलेत व्हॉट्सअ‍ॅपवर! तिथं कुठला कोड? मार्केट यार्डात हळकुंड मोडून बघितल्याशिवाय सौदा न करणारा माणूस हा. आणि आता ऐका. त्यातला एकजण म्हणतो, टोकन माझ्या खात्यात टाका."

"अगंबाई! टाकलं?"

"अजून नाही, नशीब. रीत अशी आहे की आधी मालकीपत्र बघायचं, मग फॉर्म एफवर खरेदीदार आणि विकणारा दोघांच्या सह्या. दहा टक्क्यांचा चेक देतात तोही मालकाच्या नावाचा. दलालाच्या खात्यात कशाला? वर खर्च आहेच. नोंदणीचे 4 टक्के, 14 लाखांवर 56 हजार दिरहॅम. दलाली साधारण 2 टक्के, तिच्यावर 5 टक्के व्हॅट. मेंटेनन्स दरवर्षी, चौरस फुटावर. हे त्या जेवणाच्या टेबलावर कुणी बोललं नाही."

"पण गोल्डन व्हिसा मिळतो ना? तात्यांच्या मंडळी तर सांगत होत्या."

"त्याला 20 लाख दिरहॅमची मालमत्ता लागते. चौदात कुठला?"

"आणि एवढे पैसे इथून जाणार कसे?"

"ते आमच्या ह्यांना विचारा, बँकेत परकीय चलनातच होते. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. दिरहॅम डॉलरला बांधलेला, डॉलरला 3.67. म्हणजे झाले नऊ लाख आणि थोडे वर. शिवाय 10 लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो रिटर्न भरताना हिशेबात मिळतो, पण तोवर अडकतोच. आणि रिटर्नमध्ये परदेशातली मालमत्ता दाखवायला विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाख दंड!"

"मग नऊच्या वरचे कुठून आणणार?"

"मंडळींच्या खात्यातून. पण त्यात एक मेख आहे. ज्याच्या खात्यातून पैसे जातील, त्याचं नाव मालकीत पाहिजे. पैसे बायकोचे आणि फ्लॅट एकट्या नवऱ्याचा, हे चालत नाही."

"म्हणजे दुबईत त्या मालकीण होणार?"

"कागदोपत्री, बरोबरीच्या! इथं सांगलीच्या घराच्या उताऱ्यावर अजून सासूबाईंचंच नाव आहे, चाळीस वर्षं संसार करून. म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितलं, टोकन कुणाला देऊ नका, परवाना क्रमांक बघा, मालकीपत्र तपासा. पण फ्लॅट घ्या म्हणजे घ्याच!"