केराच्या शोधात

मारेगावच्या आसपास जे डोंगर आहेत त्यांना डोंगर म्हणणं हा आम्हा वैदर्भीयांचा मोठेपणा. सह्याद्रीपुढे नेऊन उभे केले तर तो त्यांना मांडीवर घेऊन खेळवील. पण काळ्या सपाट रानात कपाशीची तासं मोजत वाढलेल्या माणसाला जमीन जराशी उचलली गेली तरी पर्वत वाटतो. त्यात पंक्चर झालेली सायकल हाताने ढकलत चढायचं असेल तर वाटतोच. विसाव्या वर्षी, ऐन चैत्रात, मी असाच एक पर्वत चढत होतो. वर कोलामांचं एक पोड होतं आणि त्यातली पाच घरं गुरुदेवभक्तांची होती. गुरुदेव सेवा मंडळाचा नवखा स्वयंसेवक म्हणून त्यांना भेटायचं, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, पहाटे ध्यान, मग रामधून आणि ग्रामसफाई, असा कार्यक्रम ठरला होता. झोळीत ग्रामगीता आणि खंजिरी, डोक्यावर भगवी टोपी, आणि सायकलच्या दांडीला आडवा बांधलेला नवाकोरा खराटा. प्रत्येक धोंड्यावर खंजिरी झोळीतल्या झोळीत वाजायची, त्यामुळे माझ्या येण्याची वर्दी माझ्या आधीच वर पोचत होती.

खराट्याचा मला त्या काळी फार अभिमान होता. अमरावती जिल्ह्याने जगाला दोन माणसं दिली: 1876 साली शेंडगावला गाडगेबाबा आणि 1909 साली यावलीला तुकडोजी महाराज. एकाने देवाच्या दारात खराटा नेला, दुसऱ्याने खंजिरी. महाराजांची खंजिरी तर 1955 साली जपानच्या धर्मपरिषदेतही वाजून आली. त्याच वर्षाच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर अख्खा अध्याय आहे आणि तो मला तोंडपाठ होता. पाठ नव्हतं ते झाडणं. निघताना आई दारात उभी राहून म्हणाली होती, “घरची ओसरी कधी झाडली नाही लेका, अन् गाव झाडाले निघाला.” यावर ग्रामगीतेत उत्तर सापडेना, म्हणून मी सायकलवर टांग टाकली.

पोडावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. कुणीतरी पायांवर पाणी घातलं, कुणी कोरा चहा दिला. चहाबरोबर मी झोळीतला बिस्किटांचा पुडा काढून पोरांत वाटला. प्रार्थनेला पाचच काय, सगळी घरं आली. घरात त्यांची कोलामी, तेलुगू-गोंडीच्या घराण्यातली. प्रार्थना मात्र मराठीत. शब्दांवरून आवाज असे जपून जात होते, जशी माणसं पाहुण्याच्या अंगणातून चपला हातात घेऊन जातात. मधेच पोरं आपसात काहीतरी बोलून खुदखुदली. ते माझ्या टोपीबद्दल असावं असं मला आजही वाटतं.

पहाटे ध्यान झालं. रामधून निघाली, पण पोडाला गल्ली एकच. खंजिरीवर हात बसेपर्यंत ती संपली. आम्ही तिच्यातून तीनदा गेलो. मग मी मोठ्या समारंभाने खराटा सोडला, धोतराचा काचा मारला आणि केर शोधू लागलो.

केर नव्हता. अंगणं रात्रीच्या दवात नुकती सारवल्यासारखी गार होती; शेणात हाताची बोटं फिरलेली, अर्धचंद्राला लागून अर्धचंद्र, कुठे एक ओळ चुकलेली नाही. बांबूच्या भिंतींच्या बुडाशी, गोठ्यामागे, नाईकाच्या दारात, कुठेही काडी नव्हती. शेवटी मी पोडाबाहेर मोहाच्या झाडाखाली गेलो. जंगल तरी जंगलासारखं असेल! तर तिथली जमीनही लख्ख. मोहाचं फूल मातीत पडू नये म्हणून बाया आधीच झाडाखालचा पाचोळा काढून ठेवतात, हे मला कुठे माहीत? त्या स्वच्छ मातीवर पहाटेची फुलं पडली होती, दह्यातल्या बुंदीसारखी गुबगुबीत, आणि मी खराटा खांद्यावर घेऊन त्यांच्यात उभा होतो. रोगीच नसलेल्या गावात आलेल्या वैद्यासारखा.

“काय शोधून राह्यला बापू?” फुलं वेचणाऱ्या एका आजीने विचारलं.

“केर, आजी.”

“केर काहाले लागते?”

“झाडाले.”

आजी हसली नाही. तिने थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ खराट्याकडे बघितलं, आणि “असं” म्हणून पुन्हा वेचू लागली. परतताना मला अखेर केर सापडला. कुडाला अडकलेला एक कागद वाऱ्याने फडफडत होता. जवळ जाऊन पाहिलं तर माझ्याच बिस्किटांच्या पुड्याचं वेष्टन. मी ते मुकाट्याने झोळीत टाकलं, ग्रामगीतेच्या शेजारी. खराट्याची गरज पडली नाही.

वैशाखात पुन्हा जाणं झालं. या वेळी खराटा न्यावा की नाही याचा दोन दिवस विचार केला. शेवटी नेला, कारण मंडळाच्या अहवालात ग्रामसफाईचा रकाना होता. पहाटे रामधून आटोपून वळलो, तर आजीच्या अंगणाच्या एका कोपऱ्यात सागाच्या वाळल्या पानांचा ढीग. ती सुपाएवढी पानं वाऱ्यावर पापडासारखी कुरकुरत होती. बाकीचं अंगण नेहमीसारखं सारवलेलं, बोटांच्या ओळी जागच्या जागी.

“झाड बापू,” आजी म्हणाली. “तुह्यासाठी ठेवला हाये.”

मी झाडलं. खूप मन लावून झाडलं. पोरं बघायला जमली, नाईकही येऊन उभा राहिला, आणि झाल्यावर आजीने मला गुळाचा खडा दिला. मग घामेजून ओसरीवर टेकलो तेव्हा लक्षात आलं, की आजीच्या अंगणात सागाचं झाडच नाही. जवळपासही नाही. कुडाला टेकून बांबूचं एक रिकामं टोपलं उभं होतं आणि त्याच्या विणीत सागाच्या पानाचा एक तुकडा अडकला होता.

अहवालात मी लिहिलं: ग्रामसफाई झाली, वेळ पाव तास, केर एक टोपलं. केर कुणी आणला, असा रकाना त्या कागदावर नव्हता.