लग्न कराराचं, प्रेक्षक घरचे (२०१२)

— काय काकू, काल पाहिलंत की नाही?

— न पाहून सांगते कुणाला? यांना बातम्या हव्या होत्या. रिमोट सरळ पदराखाली घेऊन बसले. म्हटलं, बातम्या उद्या पेपरात वाचा, घना-राधा काही पेपरात येत नाहीत.

— मग, कशी वाटतेय 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'?

— बरी आहे. म्हणजे चांगलीच आहे, पण एवढ्यात चांगली म्हणायला जीभ रेटत नाही. या मालिका पहिला महिना गोड असतात. ती वाटी दे गं इकडे, डाळिंब्या सांडतील.

— घ्या. अहो, पण जोडीच अशी आहे! २०१०चा 'मुंबई-पुणे-मुंबई' आठवतो ना? हेच दोघं, आत्ताचा घना स्वप्नील जोशी आणि राधा मुक्ता बर्वे. दिग्दर्शकही तोच, सतीश राजवाडे. नुसते पुण्यात हिंडत भांडतात, तरी अख्खा सिनेमा खुर्चीतून उठू देत नाहीत.

— हा स्वप्नील म्हणजे रामानंद सागरांचा कृष्ण तोच ना? आमच्या सासूबाई टीव्हीपुढे हात जोडायच्या त्याला. आणि आता हाच अमेरिकेला जायचं म्हणून घरच्यांना बनवायला निघालाय! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, लीला आहे.

— आणि राधा?

— ती मला पटली. झोपेतून उठलेली बाई झोपेतून उठल्यासारखी दिसते, इथेच अर्धे मार्क दिले. नाहीतर त्या दुसऱ्या मालिकांत दूध तापवायला भरजरी शालू! आणि एक वाक्य बोललं की ढगांचा गडगडाट, तिघांचे चेहरे आळीपाळीने. इथे माणसं बोलतात ती आपली बोलतात. मध्येच वाक्य अर्धं सोडतात, दुसऱ्याचं तोडतात. भांडताना तर असंच होतं की.

— मला खरं म्हणजे ते कराराच्या लग्नाचं जरा ओढूनताणून वाटलं हो. याला अमेरिकेला जायचंय, तिला लग्नच नको, घरचे मात्र दोघांच्याही मागे लागलेत. म्हणून खोटं लग्न करायचं आणि मग मोकळं व्हायचं. असं कोण करतं?

— कुणी करत नाही. म्हणून तर बघायचं. पण गंमत करारात नाहीच मुळी, गंमत घनाच्या त्या काळे मंडळींच्या घरात आहे. समज, हा घना एकटाच खोली घेऊन राहत असता. मग खोटं लग्न करून नाटक कुणापुढे केलं असतं, कपाटापुढे? इथे दार उघडलं की कुणी ना कुणी उभं. चहा विचारायला, चौकशी करायला, काही नाही तर नुसतं बसायला. दोघांना मोकळं भांडायलासुद्धा जागा नाही. हसू येतं ते त्यामुळे.

— आणि मालिकेतल्या त्या कुहूच्या कविता ऐकल्यात ना? स्पृहा जोशी कसली गंभीर चेहऱ्याने म्हणते! आमचा बंड्या परवा जेवताना आमटीवर कविता करत बसला. मला हसावं की ओरडावं कळेना.

— ऐकल्या. वाईट कविता इतक्या चांगल्या म्हणायच्या म्हणजे सोपं नाही हो. पण माझं लक्ष असतं आजीकडे. रेखा कामत! १९५२ साली 'लाखाची गोष्ट'मधून पडद्यावर आल्या त्या, बहिणीबरोबर, चित्राबरोबर. राजा परांजप्यांचा सिनेमा. तेव्हाची ती नायिका आता आजी झालीय, पण नुसती नजर वळवते ना, तेवढ्यात समोरच्याची झाडाझडती होते.

— राधाचे बाबा पण मस्त आहेत. विनय आपटे. त्यांचा आवाज आला की मी टीव्हीचा आवाज कमी करते.

— त्या राजवाड्यांच्या 'अग्निहोत्र' मालिकेतही होते की. तिथे वाडा नि त्याची गुपितं, भारी ताण असायचा जिवाला. इथे कुणी कुणाच्या दुधात विष घालत नाही, एवढ्यावरच मी खूश आहे. आतापर्यंत तरी खलनायिका नाही. पण बघ हं, आकडे घसरले की कुठूनतरी एखादी मावशी येईल, काजळ भरून.

— नका हो असं म्हणू! प्रेमात पडतील ना पण दोघं?

— पडतील नाही तर काय करतील? ते तुला, मला, बंड्यालासुद्धा ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या दोघांना. आता घरात हे बिंग आधी कुणाला कळतंय ते बघायचं. माझी पैज आजीवर.

— माझी राधाच्या बाबांवर. मुलीचा चेहरा बापाला कळतो.

— बापाला कळतो, पण उशिरा. लाव पैज. हरलीस तर डाळिंब्यांची उसळ तुझ्याकडून, वर खोबरं पेरून.

— आणि डाळिंब्या सोलायच्या कुणी? माझी नखं बघा, कालच्या अजून दुखतायत.

— सोलून मी देते. मालिका बघता बघता होतात. फक्त जाहिराती लागल्या की मला फोन करत जाऊ नकोस, त्या वेळात मी कुकर लावते.