लोएस्ट टेंडरचं भूत

चांगला सिनेमा लागला की अस्वस्थ होणारी एक जमात आपल्यात असते. ही माणसं वाईट सिनेमा सहन करत नाहीत, तो हुडकून काढतात. त्यातही भुताचा, त्यातही कमी पैशांत उरकलेला, आणि शक्यतो ज्याच्या पोस्टरवर भुताचे दात नायकाच्या डोक्यापेक्षा मोठे आहेत असा. आमच्या सोसायटीत हे खातं तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा सांभाळतात.

अण्णा एका निमसरकारी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी टेंडरं उघडली, लोएस्टवाल्याला काम दिलं आणि मग तेवढ्या पैशांत काय काय होत नाही ते साइटवर उन्हात उभं राहून पाहिलं. निवृत्तीनंतर कुणी हास्यक्लबात जातं, कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतं. अण्णा भूतपटांकडे वळले. तसं वळले म्हणण्यातही अर्थ नाही. काम तेच राहिलं, साइट तेवढी बदलली.

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की त्यांचा फोन येतो. “ये वर. आज अगदी टुकार मिळालाय.”

वर गेलं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ट्यूबलाइट. जगात सगळे लोक भुताचा सिनेमा दिवे घालवून बघतात. अण्णा दिवा घालवू देत नाहीत. “अंधारात काय दिसणार डोंबल? कॉन्ट्रॅक्टरला तेच हवं असतं.” लांबचा चष्मा नाकावर, जवळचा कपाळावर, मांडीवर भडंगाची ताटली आणि हाताशी लांबट, कापडी पाठीची वही. खात्यात असताना मोजमापं अशाच वहीत चढायची; आता भुतं चढतात. रिमोट दुसऱ्या कुणाच्या हातात जात नाही. काकू बाजूला मटार सोलत बसलेल्या असतात. त्या पडद्याकडे बघत नाहीत, पण पार्श्वसंगीत बदललं की मान खाली ठेवूनच सांगतात, “मेली आता ती.” आणि ती मरते.

“आपली अपेक्षा शून्य,” अण्णा दर वेळी बजावून सांगतात. हे ‘आम्हाला काही नको’ म्हणणाऱ्या वरपक्षासारखं असतं. यादी नंतर येते. अपेक्षा काही नाही, फक्त हवेली पाहिजे. हवेलीत वीज असली तरी नोकराच्या हातात कंदील पाहिजे. नोकराचा एक डोळा कामातून गेलेला पाहिजे. गाडी हवेलीसमोरच बंद पडली पाहिजे आणि बॉनेट उघडून बघणाऱ्याला त्यातलं काही कळता कामा नये. गावकऱ्यांनी “उधर मत जाना” म्हणायलाच पाहिजे, आणि हे लोक उधर गेलेच पाहिजेत. मध्ये एक विनोदी नट पाहिजे, त्याचा कथेशी संबंध असेल तर मार्क कापले जातील. नायिकेच्या आंघोळीचा प्रसंगही या यादीत असावा, पण तो सुरू झाला की अण्णा चष्मा पुसायला घेतात, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

मग पाहणी सुरू होते. भूत दोन्ही हात वर करून नायकावर झेपावतं, तोच अण्णा त्याला थांबवतात.

“मागे घेतो. अजून मागे. हां, बघ.”

भूत तोंड वासून पडद्यावर लटकलेलं. अण्णा उठतात, टीव्हीजवळ जातात आणि पेन्सिलीचं टोक भुताच्या मणक्यावर टेकवतात. “चेन. मानेपासून कमरेपर्यंत. दोनशे वर्षांचा अतृप्त आत्मा आणि पाठीला चेन! आणि इथे मानेशी रबर सुटलंय बघ, सांधा भरलेला नाही.” वहीत नोंद होते. पुढच्या प्रसंगात स्मशान. पात्रं म्हणतात, रात्रीचे बारा वाजलेत. अण्णा पुन्हा थांबवतात. “सावली कुठे आहे त्याची? पायाशी. म्हणजे बारा वाजलेत हे खरं, फक्त दुपारचे.”

यात नुसती चूक काढण्याचा आनंद नसतो. अण्णा लगेच हिशेब मांडतात. दिवसा चित्रण करायचं, भिंगावर निळी काच लावायची, उजेड कमी घ्यायचा आणि त्यालाच रात्र म्हणायचं, ही जुनी युक्ती. हॉलिवूडवालेही वापरत. खऱ्या रात्री काम काढलं तर जनरेटर आला, दिवे आले, युनिटचा रात्रपाळीचा भत्ता आला. “ते वाचवले, आणि कुठे घातले? वर बघ.” वर छताला झुंबर लटकत असतं. “हे भाड्याचं नाही. हे शेवटी पडणार.” झुंबर शेवटी पडतं. खाली खलनायक असतो. अण्णा समाधानाने भडंगाचा तोबरा भरतात.

देवघरातल्या गणपतीनंतर या घरात मान रामसे बंधूंचा. त्यांचा इतिहास अण्णा कुळाचार सांगितल्यासारखा सांगतात. वडील फतेहचंद रामसिंघानी, कराचीत रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांना एवढं लांबलचक नाव पेलेना, त्यांनी ‘रामसे’ केलं. फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकान, पुढे सिनेमाचा नाद. 1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्यापुरतं पब्लिक टरकायचं, हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं.

“पडलेल्या कामातला कुठला आयटम पास झाला ते बघितलं त्यांनी,” अण्णा म्हणतात. “याला म्हणतात पाहणी.”

मग 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’. सगळं युनिट आणि सगळं खटलं बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं, मुक्काम सरकारी विश्रामगृहात. विश्रामगृह म्हटलं की अण्णांचा आवाज मऊ होतो. त्यांची निम्मी हयात तिथल्याच खाटांवर गेलीय. सात भाऊ. कुमार लिहिणार, केशू निर्मिती बघणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, अर्जुनकडे कात्री. “एकही सब-कॉन्ट्रॅक्टर नाही! सेटचा खर्च नाही, हॉटेलचा नाही. स्वयंपाकसुद्धा घरच्या बायकांनी केला.”

“त्या बायकांची नावं येतात का हो पाट्यांवर?” काकू मटारातून विचारतात.

अण्णा सिनेमा पुढे पळवतात.

‘पुराना मंदिर’ हे अण्णांच्या मते 1984 सालातलं महत्त्वाचं काम. त्यातला सामरी हा सैतान राजाने मारला तो असा, की धड एकीकडे पुरलं आणि मुंडकं दुसरीकडे पेटीत बंद करून ठेवलं. पुढे कधीतरी कुणीतरी पेटी उघडणार आणि दोन्ही एकत्र येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांना यात कथेचा दोष दिसत नाही, त्यांना खातं दिसतं. “मूळ दुरुस्ती केलीच नाही. पुढच्या पिढीच्या बजेटवर ढकलली.” मधूनच जगदीप ‘शोले’ची टर उडवत मच्छरसिंग होऊन येतो, त्याचा सामरीशी काडीचा संबंध नाही, म्हणून त्याला पूर्ण मार्क.

पण त्यांचा खरा जीव अडकलाय तो सामरी झालेल्या अनिरुद्ध अगरवाल यांच्यात. धिप्पाड उंची, लांबोडका चेहरा. मेकअपवाल्याचं निम्मं काम देवानेच करून ठेवलेलं. आणि हा माणूस शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, तोही रुरकीचा. हे अण्णांना कळलं तो दिवस त्यांनी साजराच केला असावा. आलेल्यागेलेल्याला सांगतात, “आपल्या लाइनीतला माणूस. पुढे ‘बँडिट क्वीन’मध्येही होता.”

“तरीच म्हटलं, ओळखीचा वाटतोय,” काकू म्हणतात.

एकदा सोसायटीची सहल जंजिऱ्याला गेली होती. सगळे होडीत बसून किल्ल्याकडे. अण्णा मुरूडलाच उतरून नवाबाच्या राजवाड्यापाशी थांबले, कारण हा वाडा रामसेंच्या सिनेमांत येऊन गेलेला. आत सोडत नाहीत, खाजगी मालमत्ता आहे. अण्णा रस्त्यावर उभे राहून एक डोळा मिटून खिडक्या मोजत होते. आम्ही किल्ला बघून परतलो तेव्हा त्यांच्याकडे एवढी एकच माहिती होती: “कॅमेरा डावीकडून लावला की पोपडे दिसत नाहीत.”

माझ्या पिढीचं भूत 1993 मध्ये ‘झी हॉरर शो’तून घरात आलं. तेही रामसेंचंच, आणि ते आम्ही चादरीच्या भोकातून पाहिलं, त्यामुळे चेन वगैरे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते हळहळले. कोवळं वय वाया गेलं म्हणाले.

परदेशी मालाशी त्यांचं वाकडं नाही. एड वूडचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ त्यांनी मला दोनदा दाखवला. ड्रॅक्युला म्हणून गाजलेला बेला लुगोसी 1956 मध्ये वारला. त्याच्यावर थोडंसं चित्रण झालेलं होतं, ते फुकट कशाला घालवा म्हणून वूडने बाकीच्या प्रसंगांत आपल्या बायकोच्या मणक्याच्या डॉक्टरला उभं केलं. तो लुगोसीहून उंच, चेहरा भलताच, म्हणून सिनेमाभर झग्याने तोंड झाकून फिरतो. “अनुकंपा तत्त्वावर भरती,” अण्णा म्हणाले, “पण वारसाची कागदपत्रं बघितलेली नाहीत.” आणि 1978 चा ‘हॅलोवीन’! त्यातल्या खुन्याचा तो भयंकर पांढरा मुखवटा मुळात ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला. डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग मारला, झालं. वहीतली नोंद मी स्वतः वाचलीय: ‘मुखवटा नग एक. रंगकाम वेगळे. दर अत्यंत वाजवी.’

याच वहीमुळे मागे एकदा वाजलं. चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा आणि त्याचे मित्र वेफर्सची पाकिटं घेऊन वर आले. त्यांनाही म्हणे वाईट सिनेमांचा शौक. येताना ‘शैतानी ड्रॅक्युला’ आणला होता, हरिनाम सिंगचा, 2006 चा. मुलं पाट्यांपासूनच हसायला लागली. काळ्या कपड्यावर हाडं रंगवलेला सांगाडा आला तेव्हा एक जण सोफ्यावरून खाली घसरला. अण्णा ताठ बसून बघत होते. वही बंद.

“काका, कसला भारी वाईट आहे ना?”

“हा वाईट नाही,” अण्णा म्हणाले. “हा अपुरा आहे. कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्स उचलून गेलाय.” मग मुलं पुन्हा खिदळली, तेव्हा मात्र त्यांनी रिमोट दाबला. “हे बघा, हसायचंच असेल तर खाली जाऊन हसा. तो माणूस रबर घालून उन्हात उभा राहिलाय. त्याची चेन दिसली तर नोंद करायची. टाळ्या कसल्या देता?”

मुलं गेली. काकूंनी उरलेले वेफर्स डब्यात भरले. मला त्या मुलांची बाजू थोडी पटते. सांगाडा खरोखर हसण्यासारखा होता. पण हेही दिसलं, की त्या खोलीत पडद्याकडे डोळे लावून बसलेला माणूस एकच होता. मुलांना काय बघायचं ते आधीच माहीत होतं.

हे सगळं ठाऊक असूनही मी आगाऊपणा केला आणि एका शनिवारी ‘तुंबाड’ लावायला लावला. राही अनिल बर्वेंचा, 2018 चा. म्हटलं, कोकण आहे, वाडा आहे, पाऊस आहे, हस्तर नावाचा राक्षस आहे, अण्णा खूश होतील. पहिली दहा मिनिटं त्यांचा अंगठा रिमोटवर तयारीत होता. नंतर तो तसाच राहिला. भडंग मऊ पडलं. मध्ये एकदाच बोलले, “पाऊस खरा आहे का रे?”

“हो. कित्येक पावसाळे थांबून थांबून शूटिंग केलंय म्हणतात.”

“मुदतवाढ कुणी दिली?”

सिनेमा संपला. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. बऱ्याच वेळाने, एखाद्या कामात सिमेंट जास्त सापडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “यात बघायचं काय? सगळं बरोबरच आहे.” वहीत एक ओळ लिहिली: ‘काम निर्दोष. पाहणीस वाव नाही.’ आणि मला दारापर्यंत सोडायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्या. “रात्री पाणी प्यायला मला उठवून सोबत नेलं,” म्हणाल्या. “पुन्हा असलं चांगलं काही आणू नकोस बाबा.”

पुढचे काही शनिवार वरून फोन आला नाही. टीव्हीचा आवाजही नाही. काकूंकडून कळलं की क्रिकेट बघतायत. मग परवा रात्री फोन वाजला, आणि आवाजावरूनच कळलं की प्रकृती सुधारलीय.

“ये लवकर. कुणीतरी जुनी कॅसेट उतरवून दिलीय. दिग्दर्शकाचं नाव नाही, शेवटचं रीळ नाही, भुताला तर बूट आहेत. कॅनव्हासचे.”

“आणि चुकून चांगला निघाला तर, अण्णा?”

“निघत नाही. मी आधी एकदा बघून ठेवलाय.”