गर्दी घटवून देणाऱ्या सल्लागारांस

मा. वाहतूक सल्लागार महोदय,



रविवारी क्लबहाउसमध्ये बिल्डरच्या कचोरीबरोबर आपला अहवालही पदरात पडला. कचोरी पचली. आमच्या संकुलाच्या तिसऱ्या टप्प्यातले फ्लॅटचे दोन टॉवर रद्द करून तिथे ऑफिसं, दुकानं आणि मल्टिप्लेक्स उभं राहणार, आणि तरी गेटबाहेरची वाहतूक 'नगण्य' वाढणार, हे आपण चेहऱ्यावरची माशी न हलवता सांगितलंत. अभिनंदन.

सगळी किमया अहवालातल्या एका वजावटीची. रहिवासी संकुलातच नोकरी करतील, तिथेच किराणा भरतील, तिथेच सिनेमा बघतील, सबब फेऱ्यांचा तिसरा हिस्सा रस्त्यावर येणारच नाही. महोदय, माझ्या शेजारचा नवरा हिंजवडीला जातो आणि बायको खराडीला. पुण्यात राहत असाल तर ही दोन टोकं कुठं आहेत ते आपल्याला ठाऊक असेल. समोरचे गृहस्थ चाकणच्या कारखान्यात आहेत. या तिघांना आपण नव्या टॉवरमध्ये कोणत्या हुद्द्यावर चिकटवलंत? पगाराचं काय ठरलं? आणि तिथं खरोखर जे कामाला येतील, ते वाघोली, कोथरूड, चिंचवडहून येऊन संध्याकाळी बाहेर पडणार, नेमके आम्ही त्याच गेटातून आत शिरत असताना.

ही वजावट अमेरिकेतली, हे मी वाचून घेतलं. 2011 सालच्या तिथल्या एनसीएचआरपी 684 या अहवालासाठी अटलांटा, डॅलस भागातल्या संमिश्र संकुलांच्या दारांत माणसं उभी केली होती. बाहेर पडणाऱ्याला थांबवून 'कुठं निघालात?' असं विचारलं, मग आकडे मांडले. आपल्या नव्या टॉवरांना अजून दारंच नाहीत. जी दारं बांधून झाली आहेत त्यांतून आम्ही रोज बाहेर पडतो. आम्हाला कोणी हटकलंसुद्धा नाही.

बाकीचं किरकोळ. वाहनांची मोजणी दिवाळीच्या सुट्टीत, शाळा बंद असताना झाली. आपल्या नकाशातला विकास आराखड्याचा रुंद (डीपी) रस्ता जागेवर पत्र्याच्या कुंपणाला धडकून संपतो. पलीकडे म्हशी बांधलेल्या आहेत.

एक मात्र किरकोळ नाही. कुठलं वाहन किती मोटारींइतकं धरायचं, यासाठी आपण इंडियन रोड्स काँग्रेसचा 1990 चा तक्ता वापरलात. मोटारीला 1 धरून त्यात दुचाकीला 0.5 ते 0.75, टांग्याला 1.5 ते 2, हातगाडीला 2 ते 3 असं मोल दिलंय. टांगा आमच्या रस्त्यावर मी कधी पाहिला नाही, पण उद्या आलाच तर त्याची सोय आहे. पायी चालणारा त्यात नाही, कारण तक्ता वाहनांचा. ठीक. मग माणसांसाठी दुसरं पान जोडायला काय झालं होतं? सकाळी सव्वाआठला एका हातात पोराचं दप्तर, दुसऱ्या हातात पोर, असं धरून दुभाजकाच्या फटीत टँकर जायची वाट बघत उभी असलेली बाई आपल्या शंभर पानांत कुठंही नाही. रस्ता ओलांडायचा सिग्नल नाही, पट्टे नाहीत आणि वर अहवालात 'परिणाम नगण्य'! लिहिताना हात कसा धजला हो तुमचा?

पण हेही सांगतो. सुट्टीतल्या मोजणीबद्दल मी विचारलं, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तुम्ही पहिल्या रांगेतल्या मार्केटिंगवाल्याकडे पाहिलंत. त्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही, आणि तुम्ही पुढची स्लाइड लावलीत. इंजिनिअर आहात, हिशेब कच्चा आहे हे तुम्हाला आमच्या आधी कळलेलं असणार. फी बिल्डर देतो. खरा आकडा लिहिलात तर पुढचं काम दुसऱ्या सल्लागाराकडे जाणार, आणि घराचा हप्ता तुम्हालाही असेलच. ज्याच्या प्रकल्पाची तपासणी, त्यानेच तपासनीस नेमायचा, ही रीत काही तुम्ही पाडलेली नाही. त्या क्षणी तुमच्यावर ओरडायचं माझ्या जिवावर आलं.

तरी संमतीपत्र माझ्याकडे कोरंच आहे. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार मंजूर आराखड्यात असा बदल करायला दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. कचोरी त्यासाठीच होती. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, की सकाळी आठ ते दहा पुन्हा मोजा. चालणारी माणसंही मोजा. मोजणीचे मूळ कागद बिल्डरमार्फत न पाठवता सोसायटीच्या कार्यालयात द्या. सही करायची की नाही ते त्यानंतर बघू.

आपला,
आपल्या हिशेबानुसार घराबाहेर न पडणारा,
बी विंगमधला एक सभासद