जवसाचं तेल आणि ७६२ होमरन

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१४ डिसेंबर २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

फोनवर बेसबॉलचा विषय निघाला की तुम्ही तीनदा "बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून पत्र लिहितेय. हेही तुम्ही आईकडे सरकवाल, पण तिला चष्मा सापडेपर्यंत तरी तुम्हालाच वाचावं लागेल.

विषय तुम्हीच काढला होतात. "सगळ्यांत जास्त षटकार मारलेल्या माणसाला तिकडे दारात उभं करत नाहीत म्हणे? काय खाल्लं होतं त्यानं?" खाल्लं, टोचलं की चोळलं, हाच तर वीस वर्षांचा वाद आहे आप्पा. त्या माणसाचं नाव बॅरी बॉण्ड्स. आमच्या इथल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा. कारकिर्दीत ७६२ होमरन, २००१ च्या एका मोसमात ७३. दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं गाव आहे, तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम. थोर खेळाडूंचे चेहरे असलेल्या ब्राँझच्या पाट्या भिंतीला लावलेल्या असतात. बॉण्ड्स तिथे नाही. क्रीडापत्रकारांनी दहा वर्षं मतदान केलं. ७५ टक्के लागतात, शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याला ६६ मिळाले. त्यानंतर अशा राहून गेलेल्यांसाठी सोळा जणांची समिती असते. ती गेल्या रविवारी बसली. निवडून यायला बारा मतं हवीत, बॉण्ड्सला पाचसुद्धा नाहीत.

आणि त्याच बैठकीत चौदा मतांनी निवडून कोण यावं? जेफ केंट! हा बॉण्ड्सचा जुना संघसहकारी. २००२ मध्ये सामना चालू असताना दोघे डगआउटमध्ये, कॅमेऱ्यांसमोर, एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. भाऊबंदकीत वाटणी अशी झाली की ती कुठल्याही देशात सारखीच लागते.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या घरी त्या रविवारपासून सुतक आहे. तुम्ही आला होतात तेव्हा पाहिलंय त्यांना, ते जायंट्सची काळी-नारिंगी टोपी घालून झाडांना पाणी घालणारे. मी शिरा घेऊन गेले समाचाराला. म्हणाले, "त्या काळात सगळेच घेत होते." मी म्हटलं, मग मॅकग्वायर? तर लगेच, "तो लबाड!"

मॅकग्वायरचं ऐका. १९९४ मध्ये खेळाडूंनी संप केला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. लोक चिडले, मैदानं ओस पडली. मग १९९८ मध्ये सेंट लुईसचा मार्क मॅकग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा यांची होमरनची शर्यत लागली. एकाचे ७०, दुसऱ्याचे ६६. अख्खा देश वेडा झाला. त्याच उन्हाळ्यात एका वार्ताहराला मॅकग्वायरच्या लॉकरमध्ये अँड्रोस्टेनडायोन नावाच्या गोळ्यांची बाटली दिसली. ऑलिंपिकमध्ये बंदी असलेली वस्तू, पण बेसबॉलमध्ये तेव्हा चालायची. लोक कुणावर चिडले असतील? वार्ताहरावर. दुसऱ्याच्या लॉकरमध्ये डोकावतोच कशाला म्हणून! जेवणाच्या पंगतीत आमटीत माशी दाखवणाऱ्याचं जे होतं तेच त्याचं झालं. मॅकग्वायरनं स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं ते २०१० मध्ये, बारा वर्षांनी.

त्या सगळ्या काळात बेसबॉलचा सर्वोच्च कारभारी होता बड सेलिग. त्याच्या कारकिर्दीत चाचण्या सुरू झाल्या त्या २००३ मध्ये, त्याही आधी नुसत्या निनावी, शिक्षा पुढच्या वर्षापासून. २००७ च्या डिसेंबरमध्ये माजी सिनेटर मिचेल यांचा अहवाल आला, त्यात ८९ खेळाडूंची नावं. हा सेलिग २०१७ पासून हॉल ऑफ फेममध्ये आहे. ब्राँझमध्ये! दारूबंदीच्या गावात पिणारे कोठडीत आणि गुत्त्याचा मालक सरपंच, हे तुम्ही ज्या गावाबद्दल सांगायचात त्याचं नाव मी पत्रात लिहीत नाही.

आता तेलाकडे येते. तुम्हाला विमानतळावरून घरी आणलं त्या रस्त्याला बर्लिंगेम लागतं. तिथे बाल्को नावाची कंपनी होती. नाव प्रयोगशाळेचं, धंदा पोषक द्रव्यांचा आणि आतून चाचणीत न सापडणाऱ्या स्टेरॉइडचा. २००३ मध्ये तिच्यावर छापा पडला. बॉण्ड्सचा ट्रेनर तिथला गिऱ्हाईक. एक औषध जिभेखाली घ्यायचं, एक मलम चोळायचं. ग्रँड ज्युरीपुढे बॉण्ड्सनं काय सांगितलं असेल? की मला वाटलं ते जवसाचं तेल आहे, आणि ते दुसरं सांधेदुखीचं मलम!

आप्पा, जवसाचं तेल! आईनं पाठवलेली जवसाची चटणी मी मुद्दाम आजोबांना भाकरीबरोबर दिली. त्यांनी आधी विचारलं, कशाची? सांगितल्यावर हसता हसता ठसका लागला. मग दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दंड फुगवून दाखवला. आईला सांगा, मोठा डबा पाठव, पण लेबल स्पष्ट लिही.

पुढे बॉण्ड्सवर खटला चालला, तेव्हा त्याच्या टोपीचं माप वाढल्याची साक्षसुद्धा झाली. २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, २०१५ मध्ये वरच्या कोर्टात सुटला. कायद्यानं तो मोकळा आहे. पण प्रेक्षकांच्या कोर्टात अपील नसतं. सॅन डिएगोत कुणीतरी त्याच्या दिशेनं खेळण्यातली मोठी सिरिंज फेकली होती. आणि इथे? आमच्या मैदानाला लागून खाडी आहे, भिंतीपलीकडे गेलेला चेंडू पाण्यात पडतो. तो झेलायला लोक छोट्या होड्या घेऊन पाण्यात बसून राहायचे. तोच माणूस, तोच दंड. चारशे-पाचशे मैलांवर सिरिंज, इथे टाळ्या. आपला तो बाब्या.

२००७ मध्ये त्यानं ७५६ वा होमरन मारून हँक एरनचा विक्रम मोडला. तो चेंडू एका कपडेवाल्या उद्योजकानं लिलावात साडेसात लाख डॉलरला घेतला आणि लोकांनाच विचारलं, याचं काय करू? तसाच हॉल ऑफ फेमला देऊ, चांदणीचा छाप मारून देऊ की अंतराळात सोडू? लोकांनी चांदणी निवडली. आपल्या पुस्तकांत "खाली टीप पाहा" म्हणून जी फुली असते ती. चेंडू छाप मारून कूपर्सटाउनला गेला. म्हणजे चेंडू आत आहे, मारणारा बाहेर. आणि पाचातल्या जवळजवळ एकाचं मत अंतराळाला होतं, हे मला माणसांबद्दल फार आशादायक वाटतं.

तुम्ही म्हणाल, चोरी ती चोरी, त्यात एवढं काय. पण मग डेव्हिड ऑर्टिझ घ्या. २००३ च्या त्या निनावी चाचणीत त्याचंही नाव होतं, अशी बातमी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं दिली. कशासाठी, ते कधी बाहेर आलं नाही, चाचणीबद्दलही शंका घेतल्या गेल्या. ऑर्टिझ गोड माणूस, भेटेल त्याला मिठी मारणारा. तो पहिल्याच वर्षी आत गेला, ज्या मतदानात बॉण्ड्स कायमचा गळला त्याच मतदानात. बॉण्ड्स पत्रकारांवर डाफरायचा, कपडे बदलायच्या खोलीत स्वतःसाठी वेगळी आरामखुर्ची ठेवायचा. आणि मतं पत्रकारांची! मला विचाराल तर त्याची निम्मी मतं औषधानं घालवली, निम्मी खुर्चीनं.

आता तुमच्या दप्तराकडे वळते. रागावू नका, मी सगळं लक्षात ठेवून आहे.

२००३ च्या विश्वचषकातून शेन वॉर्नला घरी पाठवलं. तो म्हणाला, बारीक दिसायची गोळी आईनं दिली होती. तुम्ही वर्षभर हसलात. भाजी घ्यायला गेलात तरी मंडईत तोच विषय. २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, खोकल्याच्या औषधातलं. बीसीसीआयनं आठ महिन्यांची बंदी घातली, तीही मागच्या तारखेपासून, म्हणजे जाहीर झाली तेव्हा निम्मी संपलेली. तुम्ही म्हणालात, "मुंबईवाल्यांचा खोकलासुद्धा वशिल्याचा."

आणि नरसिंग यादव? तोही मुंबईचाच, जोगेश्वरीचा. पण २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, त्यामुळे तुमच्या तालमीच्या कट्ट्यावर तो घरचा. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडायनोन हे स्टेरॉइड सापडलं. सोनीपतच्या शिबिरात जेवणात कुणी कालवलं, असं तो म्हणाला. नाडा या आपल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं मान्य करून सोडलं, वाडा या जागतिक संस्थेनं अपील केलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. कट झाल्याचा पुरावा नाही, असं म्हणाले. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. "दुधात कालवलं असणार, पैलवानाच्या पोटात शिरायचा तोच रस्ता," असं तुम्ही मला फोनवर सांगितलंत, जणू तुम्ही सोनीपतला चुलीपाशी बसला होतात. कालवलं असेलही आप्पा. पण वॉर्नच्या आईला तुम्ही हा फायदा दिला नव्हता.

शिवाय आपलं कोण, हे ठरवण्यात तुमचा हात सढळ. २०२० चा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर मूळचा अकोल्याकडचा, नगर जिल्ह्यातला. आपल्या नाशिककडून लढला, गदा आली, आणि तुम्ही पेढे वाटताना "आपल्या गंगेचं पाणी" म्हणालात.

संजीवनी जाधवचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नाशिकची पोर, २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पाच हजार मीटरचं ब्राँझ. तुम्ही तिची कात्रणं कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. मग २०१८ च्या नमुन्यात प्रोबेनेसिड निघालं. ते ताकदीचं औषध नव्हे, गाऊटवर देतात. पण दुसरं औषध लघवीतून दिसू नये म्हणून वापरलं जाऊ शकतं, म्हणून बंदी. दोन वर्षं गेली, दोह्याच्या २०१९ च्या आशियाई स्पर्धेतलं ब्राँझही गेलं. नियम सरळ आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं आणि का दिलं हे नंतर. बॉण्ड्सकडे वकिलांची फौज होती आणि त्याचे ७६२ च्या ७६२ होमरन अजून वहीत आहेत, एकही खोडलेला नाही. नाशिकच्या पोरीचं पदक काढून घेतलं. बंदी संपल्यावर ती पुन्हा ट्रॅकवर आली, दहा हजार मीटर पळाली, राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तेव्हा पेपरात छोटी बातमी होती. तुम्ही ती कापली नाहीत. आईनं मला सांगितलं की जुनी कात्रणंही तुम्ही उतरवली होती. पैलवानासाठी उपास आणि पोरीसाठी कपाट बंद, हे मला खटकलं होतं. तेव्हा बोलले नाही, आता लिहितेय. तिच्या हातून काय झालं ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण शिक्षा भोगून परत पळणाऱ्या माणसाला दारावर जागा हवी. डिंक मी पाठवू का इथून?

तुमचा नातू इथल्या मुलांच्या लीगमध्ये खेळतो. त्यांच्या कोचनं कागद दिलाय, कुठलीही पावडर, गोळी मुलांना देऊ नका. त्यानं तो कागद वाचून आईच्या डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, हे चालतं का? मी हो म्हटलं. त्यानं तीन खाल्ले आणि सामन्यात तिन्ही वेळा बाद होऊन आला. तेव्हा आईला कळवा, तिचे लाडू पूर्णपणे निर्दोष आहेत.

शेवटचं, आणि हे काम तुमचंच आहे. नव्या नियमानं पाचपेक्षा कमी मतं पडली की पुढची फेरी हुकते, म्हणजे बॉण्ड्सचं नाव आता २०३१ च्या आधी येऊ शकत नाही. आजोबा खचले होते. मी सहज सांगितलं की आमच्या नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, रामकुंडात स्नान केलं की पापं धुतली जातात अशी श्रद्धा आहे. ते ताडकन उठून बसले. बॉण्ड्सला पत्र लिहायचं म्हणतात. तिकिटाचे पैसे जायंट्सचे चाहते वर्गणी काढून देतील. मला एवढंच विचारायचंय, रामकुंडावरच्या आपल्या गुरुजींना भेटून खात्री करून घ्या, ब्राँझच्या पाटीसाठी संकल्प सोडता येतो का, आणि दक्षिणा डॉलरमध्ये चालेल का. सॅन डिएगोचे लोक घाटावर येणार नाहीत एवढं मी बघते.

आईला नमस्कार. चटणीचं विसरू नका.

तुमची,
बेबी