खिचडीत पाल पडली नव्हती

सकाळची शाळा आणि सकाळची मळमळ एकाच महिन्यात सुरू व्हावी, हे नियोजन माझं नव्हे. उन्हाळा लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळी भरतात. माझं बिऱ्हाड धाराशिवला आणि शाळा कळंब तालुक्यातल्या एका गावात. म्हणजे अंधारात उठायचं, एसटी धरायची आणि येडशी, येरमाळा करत पोचायचं.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे उपायही मी विज्ञानातूनच काढला: पोटात काही नसेल तर बाहेर येणार काय? सासूबाई रात्रीच उशाशी ज्वारीच्या लाह्यांची वाटी ठेवत. "अगं, अंथरुणातून उठायच्या आधी दोन घास चावून घे." मी बी.एस्सी.वाल्या माणसाच्या दयाळूपणानं हसायचे आणि उपाशी बाहेर पडायचे.

येडशी यायच्या आत सिद्धांत खिडकीबाहेर गेला. पोट रिकामं असलं म्हणून शरीराचा उत्साह कमी होत नाही. आधी कोरडे उमासे येतात, मग पिवळंजर्द कडू पित्त. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, म्हणून थोडं थोडं, कोरडं, दर दीड-दोन तासांनी खावं आणि पाणी घोटघोट प्यावं, असं डॉक्टरबाईंनी पुढे सांगितलं. सासूबाईंची लाह्यांची वाटी वैद्यकशास्त्राच्या पुढे निघाली होती, आणि ते त्यांनी मला बरेच दिवस विसरू दिलं नाही.

त्यात आपल्याकडची रीत अशी की तीन महिने कुणाला सांगायचं नाही. ही रीत पाडणाऱ्याला उलट्या झाल्या नसाव्यात. मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्यात कळसाला पोचते आणि बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान बहुतेकींची ओसरते. दहापैकी सात-आठ जणींना ती होतेच. म्हणजे जे तीन महिने गुपचूप राहायचं, नेमके तेच तीन महिने शरीर दवंडी पिटत असतं. पुण्याच्या आत्याबाईंना अजून पत्ता नव्हता, पण कळंब गाडीला होता. कंडक्टरभाऊ न विचारता माझी खिडकी राखून ठेवत, आणि मागच्या सीटवरच्या एक मावशी येरमाळ्याला उतरताना "येडाई समदं नीट करील" म्हणून जात. मी आपली "पित्त झालंय" म्हणून सांगत राहिले.

शाळेतही पित्तावर भागलं असतं, पण मधे चव नोंदवही आली.

शालेय पोषण आहाराचा नियम असा की खिचडी लेकरांच्या ताटात पडायच्या आधी शिक्षकानं चाखायची, शेरा लिहायचा आणि सही ठोकायची. नियम चांगलाच आहे. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या विषारी जेवणानं २३ मुलं दगावली होती, त्यामुळे या सहीला कुणी हलक्यात घेत नाही. हे काम ज्या सरांकडे होतं ते रजेवर गेले आणि नोंदवही माझ्या हातात आली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पातेल्यावरचं झाकण काढलं. हळद, मोहरी, तेल आणि वाफ. चमचा तोंडात गेला न गेला तोच मी नोंदवही टाकून कुंपणाकडच्या बाभळीकडे धावले.

ओळीत बसलेली लेकरं हे सगळं बघत होती. क्षणभर शांतता. मग चौथीतल्या एकानं निदान केलं, "खिचडीत पाल पडली!"

ताटल्या पालथ्या झाल्या. ज्यांनी एक शीतही खाल्लं नव्हतं, त्यातले दोघं पोट धरून आडवे झाले. मावशींनी डोळ्याला पदर लावला. मुख्याध्यापक सर १०८ लावू लागले. मी तोंड धुऊन येईपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मोटारसायकलवरून दाखल झाले होते, आणि मागे अर्धं गाव.

"मॅडम, चवीला नेमकं काय लागलं?"

"चव चांगली होती."

"मग ओकारी कशाची?"

"पित्त."

"म्हंजे खिचडीनं पित्त झालं?"

प्रकरण मावशींच्या नोकरीपर्यंत जाणार, हे दिसत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, पदर खाली घेतला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाल न् बिल काय न्हाई वो! मॅडमला दिस गेल्यात!"

अध्यक्षांनी टोपी सारखी केली. आडवे झालेले दोघं उठून बसले आणि विचारते झाले, "मग खिचडी खायची का?"

बातमी माझ्या एसटीच्या आधी धाराशिवला पोचली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी भूमकडच्या खव्याचे पेढेही आणले. त्यांच्या वासानं काय झालं, ते सांगत नाही. पण मळमळ सकाळपुरती असते हा समज त्या संध्याकाळी मिटला.

त्यानंतर मी कारण शोधायला बसले. गर्भ आणि वार मिळून जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक तयार करतात, ते आईच्या रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि मळमळ उठवतं. दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त होतो. हे संशोधन डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. त्यातल्या मार्लेना फेजो या अमेरिकन संशोधक बाईंनी स्वतः १९९९ मध्ये अशाच टोकाच्या उलट्यांत बाळ गमावलं होतं, आणि लक्ष वेधायला नाटकं करतेस, असं त्यांना डॉक्टरांकडूनच ऐकावं लागलं होतं. म्हणजे 'थेरं करते' हे वाक्य फक्त मराठवाड्याचं नाही.

डॉक्टरबाईंनी डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी दिली. पोटुशीनं गोळ्या खाऊ नयेत, हा घरातला धाक अगदीच उगाच नाही. १९५७ मध्ये जर्मनीत आलेलं थॅलिडोमाइड मळमळीवरही दिलं गेलं, आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. पण ही गोळी वेगळी, कित्येक दशकं वापरात असलेली आणि तपासलेली. तीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आशाताईंनी पहिले तीन महिने नुसतं फॉलिक ॲसिड दिलं. पोट ढवळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नंतर.

शेकडा दोन-तीन जणींच्या उलट्या मात्र लाह्यांनी आणि आल्यानं भागणाऱ्या नसतात. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी थोडी आणि गडद होते, उठताना चक्कर येते, पन्नास किलोच्या बाईचं वजन अडीच किलोंनी उतरतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर हे फार लवकर होतं. अशा वेळी सलाईन लागतं. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी फुकट येते. तिला फोन करावा, 'होईल कमी' म्हणत बसू नये.

आणि तमाम मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती: बाईंनी 'पित्त झालंय' असं दोनदा सांगितलं, की चव नोंदवही दुसऱ्याकडे द्या.