लॅबला कुलूप, पण मुलगा रेग्युलर

दहावीचा निकाल लागला की वैजापुरात घरटी दोन प्रवेश होतात. एक मुलाचा, दुसरा त्याच्या नावाचा. मुलगा लातूरच्या नाहीतर संभाजीनगरच्या क्लासला जातो आणि नाव तालुक्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर बसतं. याला आपल्याकडे ‘नुसतं ॲडमिशन’ म्हणतात. नाव फार गुणी असतं. दंगा करत नाही, डबा मागत नाही, पावसापाण्याचा खाडा करत नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तेव्हा थोडे दिवस चिंता पसरली होती, कारण नावाला अंगठा नसतो. मग कुठे मशीन आलं, कुठे आलंच नाही. आलं तिथे लाइट गेली आणि लाइट येईपर्यंत बारावीचे फॉर्म भरून झाले होते.

बारावीच्या जीवशास्त्रात ७० गुण लेखीचे आणि ३० प्रॅक्टिकलचे. लेखी मुलाला द्यावी लागते, प्रॅक्टिकलचं बघून घेतलं जातं. असल्या कॉलेजच्या लॅबला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई कांदे काढायला शेतात गेलेला असतो. आत कपाटात फॉर्मेलिनच्या बरणीत एक बेडूक असतो. सगळ्या बॅचेसना पूर्ण वेळ हजर असलेला तेवढाच एक. वर्षाच्या शेवटी एक्स्टर्नल येतात, चहा घेतात, जर्नलांच्या गठ्ठ्यावर सह्या करतात. नाव तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळवून पास होतं. दोन गुण कापतात, म्हणजे संशय येत नाही.

आमच्या गल्लीतल्या तात्यांचा मुलगा असा रेग्युलर आहे. पुतण्याचं मात्र बिनसलं. त्याने बारावीला मॅथ्स घेतलं, बायोलॉजी सोडली आणि पास झाल्यावर त्याला वैद्यकीय शिक्षणाची इच्छा झाली. म्हणून तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून एकटा बायोलॉजी विषय जादा घेऊन करतोय. अर्ज ऑनलाइन, पुस्तक ऑनलाइन, व्हिडिओ ऑनलाइन.

तात्यांनी मला अडवून विचारलं, “भाऊ, हे चालतं का? घरी बसून मोबाइलवर बायोलॉजी? उद्या हा माणसं कापणार!”

“तात्या, आपला बंडू कुठे शिकतो?”

“तो रेग्युलर आहे.”

“कॉलेजात जातो?”

“म्हणजे... रेग्युलर आहे ना तो!”

तात्यांना दोष देण्यात अर्थ नाही. देशाच्या नियमावलीनेही बरीच वर्षं तात्यांसारखाच विचार केला. १९९७ च्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांना अकरावी-बारावी दोन्ही वर्षं नियमित आणि प्रॅक्टिकलसह शिकलेला विद्यार्थी हवा होता. २०१८ मध्ये मुक्त विद्यालयवाल्यांना आणि बाहेरून बसणाऱ्यांना नीटचं दार सरळ लावून घेतलं गेलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तरी खळखळ चालूच राहिली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कळवलं की इंग्रजीसह फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय बारावीनंतर जादा म्हणून घेतले असले तरी चालतील. या सगळ्या काळात अपात्रतेची टांगती तलवार होती ती घरी बसून खरंच अभ्यास करणाऱ्यावर. ज्याचं फक्त नाव कॉलेजात होतं, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

घरी बसून शिकणाऱ्यावरचा हा वहीम फक्त आपल्याकडे आहे असं समजू नका. वैजापूर तालुक्यातल्या एका आजीची नात न्यू जर्सीत असते. तिला फिजिशियन असिस्टंट व्हायचंय. तपासणं, निदान करणं, औषध लिहून देणं ही कामं डॉक्टरांच्या जोडीने करणारा हा पेशा तिकडे १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात सुरू झाला. डॉ. युजीन स्टेड यांनी पहिल्या तुकडीसाठी नौदलात वैद्यकीय मदतनिसाचं काम केलेले लोक निवडले. त्यांची पूर्वतयारी नौदलाच्या नोकरीत झाली होती. तिथे कुणी क्रेडिट मोजलं नसावं. आता मात्र आधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री असे विषय लॅबसकट करून या म्हणतात, आणि नोकरी सांभाळून करायचे तर ऑनलाइनच. त्यात लॅब कशी? तर लॅब खोक्यातून घरी येते.

खोकं आलं तेव्हा आजी तिकडेच होती. आजी शिऊरची, म्हणजे संत बहिणाबाईंच्या समाधीच्या गावची, गळ्यात माळ. ओट्यावर नातीने ट्रे मांडला, हातमोजे घातले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून मेंढीचं काळीज काढलं. काळीज म्हणजे हृदय. आजीच्या माहितीतलं काळीज कढईत जातं आणि या नातीने ते उभं चिरून त्यातली झडप चिमट्याने धरून दाखवली. “हे बघ आजी, इथून रक्त फुफ्फुसाकडे जातं.” आजीने आधी देवघराचं दार ओढून घेतलं, मग पदर नाकाला लावून पुढे आली आणि अर्धा तास ओट्यापाशी उभी राहिली. शेवटी विचारलं, “आणि माझी ती बायपास झाली, ती कुठं?” नातीने ती नळीही दाखवली. त्या रात्री ओटा तीनदा धुतला गेला.

एवढं करून अर्जाची वेळ आली. एक कॉलेज म्हणतं ऑनलाइन चालेल. दुसरं म्हणतं थिअरी ऑनलाइन चालेल, लॅब समक्षच हवी. तिसरं म्हणतं कोविडच्या वर्षांत केलं असेल तर चालेल, त्यानंतरचं नाही. म्हणजे ऑनलाइन शिकण्याचा दर्जा साथीवर ठरतो. साथ ओसरली की ज्ञान उतरतं. सगळ्यांचा अर्ज मात्र ऑनलाइनच, पहिल्या कॉलेजला दीडशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला वेगळे. डॉलर समक्षच आणून द्या असं कुणीही म्हटलं नाही. आणि ज्या येल विद्यापीठाचं नाव घेताना माणसं उभी राहतात, त्याने २०१८ मध्ये फिजिशियन असिस्टंटचा अख्खा अभ्यासक्रमच बहुतांश ऑनलाइन चालू केला होता. आधीचे विषय ऑनलाइन केले की शंका, पुढची पदवी ऑनलाइन दिली की प्रगती.

आपल्याकडे हा पेशा डॉ. के. एम. चेरियन यांच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ ला आला. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत जायला त्याला २०२१ उजाडलं, तेही ‘फिजिशियन असोसिएट’ म्हणून. त्याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने ऑगस्ट २०२५ मध्ये मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, आहारशास्त्र असे आरोग्याचे विषय ऑनलाइन आणि दूरस्थ शिकवायला बंदी केली. हेतू चांगला आहे, मी विरोध करत नाही. रोग्याच्या अंगाला हात लावणाऱ्याने आधी कशाला तरी हात लावलेला असावा, एवढं मलाही कळतं. पण सरकारच्याच ई-संजीवनीवर खेड्यातला रोगी पडद्यावरच्या डॉक्टरला जीभ दाखवतो आणि औषध लिहून घेतो. जीभ पडद्यावरून बघता येते, जिभेबद्दल शिकायला मात्र वर्गातच बसलं पाहिजे.

बरं, वर्गात बसलं तर समोर कोण असतं? वैद्यकीय कॉलेजांतले प्राध्यापकच कागदावर भरलेले असतात, हे वैद्यकीय आयोगाच्याच तपासणीत निघालं. म्हणून १ मे २०२५ पासून त्यांना रोज मोबाइलसमोर चेहरा दाखवून हजेरी लावावी लागते. तेव्हा आमच्या बंडूच्या नावाला उद्या एमबीबीएसला प्रवेश मिळाला, तर तिथे त्याला शिकवायला एखाद्या प्राध्यापकाचं नाव हजर असण्याची पूर्ण शक्यता आहे. दोघांचं जमेल. माझी काळजी एवढीच, की वैजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ओपीडीच्या रांगेत जो उभा असतो तो अजून प्रत्यक्ष आजारी पडतो. त्याची काहीतरी सोय बघायला हवी.

पुतण्याचं प्रॅक्टिकल मागच्या महिन्यात झालं. अभ्यासकेंद्रावर समोर मायक्रोस्कोप आणि बशीत कांदा. ज्या तालुक्यात ट्रॅक्टरनं कांदा मार्केटला जातो, भाव पडला की रस्त्यावर ओततात, तिथल्या या पोराने जन्मात पहिल्यांदा कांद्याच्या पाकळीचा आतला पापुद्रा चिमट्याने सोडवला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर रंग सोडला. बुडबुडा राहू नये म्हणून वरची काच सुईने तिरकी धरून हळूच टेकवली. पहिल्या वेळी बुडबुडा राहिलाच, म्हणून पुन्हा केलं. मग भिंगातून विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसल्या. तो घरी येऊन तासभर तेच सांगत होता. तात्या म्हणाले, “कांद्यात एवढं बघण्यासारखं काय असतं? मला क्विंटलचा भाव सांग.”

त्याचं जर्नल मी पाहिलं. आकृत्या शिसपेन्सिलीने, डोळ्यांनी पाहून काढलेल्या. नावांच्या रेघा पट्टीने एका बाजूला ओढलेल्या. बुडबुड्याची चूकसुद्धा निरीक्षणात लिहिलेली. त्याला पानं स्पायरल करून हवी होती म्हणून तो जर्नल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेला. दुकानदाराने चाळून बघितलं, पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं आणि म्हणाला, “दोन दिवस ठेवून जा. स्पायरल फुकट करून देतो.”

आता तालुक्यात त्याच आकृत्यांची तयार जर्नलं मिळतात. फक्त नाव घालायचं. बंडूनेही एक घेतलं. म्हणजे तात्यांनी घेतलं, तो लातूरला होता. घासाघीस करून दहा रुपये कमी करून घेतले आणि घरी येऊन पुतण्याला म्हणाले, “बघ, रेग्युलरचं जर्नल असं असतं. शीक काहीतरी.”